‘तुमचा कॉम्प्युटर जुना आहे’

परवा चिखल्यात मित्राच्या ऑनलाइन सेंटरवर बसलो होतो. सेंटर म्हणजे काय, झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि नागपूरहून सेकंडहँड आणलेला एक कॉम्प्युटर. विंडोज ७, दोन जीबी रॅम. बाकावर सीतासावंगीकडची एक मावशी बसलेली. पिशवीत सातबारा, आधार, पासबुक. शेतीच्या एका अर्जासाठी ती तिसऱ्यांदा आली होती आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. तीनदा येणं म्हणजे रोवणीच्या दिवसांत तीन मजुऱ्या बुडणं. ती काही बोलली नाही, एवढंच विचारलं, “आज तरी होईल का जी?”

अर्ज कोणता आणि संकेतस्थळ कोणतं हे मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

मित्रानं पान उघडलं. जिल्हा भंडारा, तालुका तुमसर, इथपर्यंत सगळं ठीक. मग ‘गाव’ या चौकटीवर क्लिक केलं आणि पान गोठलं. माऊस हलतो, पान हलत नाही. थोड्या वेळानं पाटी आली, पान प्रतिसाद देत नाही, ‘वेट’ करता की ‘एक्झिट’? मित्रानं सवयीनं एक्झिट दाबलं. तीन दिवस तो हेच करत होता.

“नेट नाही राह्यलं गा,” तो म्हणाला.

आपल्याकडे काहीही अडलं की पहिला संशय नेटवर. गोबरवाहीपासून इकडे नेटची जी अवस्था आहे त्यात तो चुकीचाही नाही. पण नेट की कॉम्प्युटर हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. नेट अडलं असेल तर कॉम्प्युटर वाट बघत रिकामा बसलेला असतो, प्रोसेसरचा आकडा खाली असतो. इथे आकडा शंभराला टेकलेला आणि डब्यातला पंखा धान उफणायच्या पंख्यासारखा सुटलेला. म्हणजे नेट आलं होतं, पान उतरलं होतं आणि आता ब्राउझर जिवाच्या आकांतानं काहीतरी करत होता. काय करत होता, हा खरा प्रश्न.

मग नेहमीचे उपाय केले. घड्याळ-तारीख बघितली, कारण जुन्या मशीनचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडेनाशी होतात. तारीख बरोबर होती. इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहिलं, म्हणजे ब्राउझरला चिकटलेली फुकटी एक्स्टेन्शन बाजूला राहतात. तरी तेच. (अशी पाच निघाली. मित्राला एकाचाही पत्ता नव्हता. सेंटरवाल्यांनो, आपापली बघून घ्या.) फायरफॉक्समध्ये उघडलं, तिथेही गोठलं, फक्त पाटी वेगळी.

शेवटी एफ १२ दाबून पान आतून पाहिलं आणि कारण सापडलं. तुमसर निवडल्यावर त्या पानानं तुमसर तालुक्याची गावं मागवलीच नव्हती. पान उघडतानाच अख्ख्या महाराष्ट्राची गावं एका दमात उतरवून घेतली होती. आपल्या राज्यात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. ती सगळी एका चौकटीत ओतायची आणि मग तालुका बघून नको ती लपवायची, असा तो कारभार. लपवलेलं गावसुद्धा ब्राउझरला आधी मांडावंच लागतं, मेमरीत धरावं लागतं. म्हणजे दुकानदाराला पावशेर साखर मागावी आणि त्यानं आख्खं गोदाम दारात आणून टाकावं, “यातली घ्या” म्हणावं, तसं.

बरं, एवढ्यानं संपत नाही. त्या चौकटीत नाव टाइप करून शोधायची सोय होती. प्रत्येक अक्षराला पान पुन्हा सगळी यादी चाळायचं. यादी इंग्रजीत, आणि आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग तुम्हाला माहीतच आहे. मॉइलच्या कागदावर खाणीचं नाव ‘के’नंतर ‘एच’ न लावता लिहितात, कुणी ‘एच’ लावतो, कुणी मध्ये आणखी एक ‘ए’ घालतो. मावशीच्या गावाची तीच गत. सीतासावंगी एक शब्द की दोन, शेवटी ‘आय’ की ‘वाय’, कुणास ठाऊक. एक स्पेलिंग टाकलं, पान गोठलं. दुसरं टाकलं, पुन्हा गोठलं. ज्यानं हे पान बनवलं त्याच्या टेबलावर सोळा जीबीचा नवा लॅपटॉप असणार. तिथे हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होत असेल आणि त्याला कधी कळलंही नसेल.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर का नाही भरला? मीही तेच म्हणालो. मावशीचा फोन बटणांचा. माझ्या फोनवर पान उघडलं, पण मध्येच अंगठा लागत होता आणि अंगठ्याचं मशीन जोडलेलं त्याच जुन्या कॉम्प्युटरला.

दरम्यान मित्रानं मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, “सर, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. क्रोम अपडेट करा.” आता यातली गंमत ऐका. विंडोज ७ वर क्रोम अपडेट होतच नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला, आणि क्रोमनं २०२३ मध्ये १०९ या आवृत्तीवर त्याचा निरोप घेतला. फायरफॉक्सनं ११५ ही आवृत्ती त्याच्यासाठी शेवटची ठेवली आणि तिला पुढेही सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या, एवढाच आधार. म्हणजे “अपडेट करा” याचा सरळ अर्थ “नवा कॉम्प्युटर घ्या.” एका झेरॉक्समागे रुपया-दोन रुपये कमावणाऱ्याला हे फोनवर सांगायला काय जातं?

आणि हीच माणसं काही वर्षांपूर्वी उलटं सांगत होती. “हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा” ही पाटी किती सरकारी पानांवर पाहिली आपण! त्यासाठी लोकांनी जुना ब्राउझर, जुनं विंडोज जपून ठेवलं. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररलाच निवृत्त केलं. आधी जुनं ठेवा म्हणून दटावायचं, मग जुनं का ठेवलं म्हणून दटावायचं.

माझं म्हणणं जुनं मशीन कायम चालवावं असं अजिबात नाही. ज्या कॉम्प्युटरवर गावाचे आधार आणि पासबुकं स्कॅन होतात, तो सुरक्षेच्या दृष्टीनं धडका असायलाच हवा, आणि विंडोज ७ तसा नाही. हे मी मित्राला स्पष्ट सांगितलंय, त्याला ते आवडलं नाही. पण त्या दिवशीचा दोष मशीनचा नव्हता. त्याच मशीनवर बाकीची कामं रोज होतात. तुमसर तालुक्याचीच गावं पाठवली असती तर हेच पान त्यावर झटकन उघडलं असतं. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासून घ्या, हे काही नवीन सांगणं नाही. तपासताना एक दोन जीबीचं मशीन टेबलावर ठेवलं असतं तर मावशीच्या तीन मजुऱ्या वाचल्या असत्या.

तर, अर्ज कसा भरला? कॉम्प्युटर बंद करून चालू केला. व्हॉट्सॲप वेब, दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप, प्रिंटरचं ते कोपऱ्यात बसणारं सॉफ्टवेअर, सगळं बंद. ब्राउझरमध्ये एकच पान. एक्स्टेन्शन काढून टाकली. गावाचं स्पेलिंग आधी माझ्या फोनवर शोधून कागदावर लिहून घेतलं, ते नोटपॅडमध्ये टाइप करून कॉपी केलं, म्हणजे अक्षरागणिक यादी चाळली जाणार नाही. मग क्लिक केलं. पाटी आली. मित्राचा हात एक्झिटकडे गेला, मी तो धरला. वेट. पुन्हा पाटी, पुन्हा वेट. गोठलेलं पान मेलेलं नसतं, बहुतेक वेळा ते काम करत असतं. पहिल्यांदा सात मिनिटांनी यादी उघडली आणि गाव सापडलं, पण तोवर ‘तुमचं सत्र संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा.’ म्हणजे पान उशीर करणार आणि उशिराची शिक्षाही आपल्यालाच!

दुसऱ्यांदा अँटिव्हायरसला तेवढ्यापुरता आराम दिला, नेट फक्त त्या पानापुरतं वापरलं, आणि यादी चार मिनिटांत आली. स्पेलिंग पेस्ट केलं. मावशीनं अंगठा ठेवला, दोनदा लागला नाही (रोवणीत भिजलेली बोटं), तिसऱ्यांदा लागला. पावती प्रिंट झाली. मावशीनं ती घडी करून सातबाऱ्याच्या आत ठेवली आणि विचारलं, “आता परत नाई ना या लागत?”

अँटिव्हायरस लगेच चालू केला, हेही लिहितो, नाहीतर उद्या सगळी सेंटरं तो बंद करून बसतील.

त्या रात्री मी संबंधितांना मेल केला. फक्त ‘साइट चालत नाही’ लिहिलं तर उत्तर काय येतं ते कळलंच होतं. म्हणून ब्राउझरची आवृत्ती, मशीनची रॅम, कोणत्या चौकटीवर क्लिक केल्यावर गोठतं, यादीच्या फायलीचं नाव आणि पडद्याचे फोटो, सगळं जोडलं. उपायही एका ओळीत लिहिला, तालुका निवडल्यावर त्याच तालुक्याची गावं पाठवा. हे काही मोठं काम नाही, जाणकाराला एक दिवस पुरेल.

उत्तर आलंय. “कृपया अद्ययावत ब्राउझर वापरा.”

मी पुन्हा लिहिलंय. पण एकट्याच्या मेलला ते एकट्याची तक्रार समजतात. तुमसर, मोहाडी, साकोली, कुठल्याही बाजूच्या सेंटरवर ‘गाव’ निवडताना पान गोठत असेल तर पाटीचा फोटो आणि ब्राउझरची आवृत्ती मला पाठवा. शेतकऱ्याचं नाव, आधार नंबर फोटोत दिसू देऊ नका. दहा-पंधरा जमले की एकत्र लिहितो, आणि या वेळी प्रत तहसीललाही देतो.