मूठ

वडील गेल्यावर त्यांच्या कोयत्याची मूठ चिरली. प्रवरेकाठच्या कोल्हारला सुताराकडे बाभळीची नवी मूठ घडवायला बसलो. पॉलिशपेपरचा ६० नंबरचा पट्टा फिरत होता. लाकूड झिजेना. मी जोर लावला, तसा धूर निघाला. आम्हां शिकलेल्यांची ही खोडच!

"दाबू नका भाऊ, धार मेलीय त्याची."

भुसा बुजलेला पट्टा म्हातारा चपलेच्या जुन्या रबराने साफ करी; पण हा झिजलेलाच होता. पाठीवरचा बाण पाहून त्याने नवा चढवला, मग १२०चा.

"आणखी गुळगुळीत?"

"नको. घामाने सटकंल."

जुन्या मुठीवर वडिलांच्या अंगठ्याचा खळगा होता. म्हाताऱ्याने ती जळणात टाकली होती. मी हळूच पिशवीत घातली.