डोवाजॅक : लाकडी बेडकाचे गाव

अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात डोवाजॅक नावाचे एक गाव आहे. लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास. शिकागोहून डेट्रॉइटकडे जाणारी रेल्वे इथे थांबते. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेते, सफरचंदाच्या बागा आणि मधूनमधून लहानमोठी तळी. पर्यटकांच्या यादीत या गावाचे नाव सहसा नसते. पण गरी टाकून मासे पकडण्याचा ज्यांना शौक आहे, अशा जगभरच्या लोकांच्या पेटीत या गावात जन्मलेली एखादी तरी वस्तू सापडते. ती वस्तू म्हणजे माशाला भुलवणारे कृत्रिम आमिष, ज्याला तिकडे ‘ल्यूर’ म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कलामझू शहरात भाईजानांकडे राहिलो होतो. तिथून डोवाजॅक मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरची माणसे. रापण, पाग, तंगूस हे शब्द आम्हांला लहानपणापासून परिचयाचे. त्यामुळे आमच्या चौदा वर्षांच्या भाच्याने जेव्हा हे गाव दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा सगळेच तयार झाले.

आधी माशाबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्या जिताड्याला इंग्रजीत ‘एशियन सीबास’ म्हणतात. त्यामुळे ‘बास’ म्हटल्यावर आमच्या घरच्यांना जिताडाच आठवला. पण मिशिगनच्या तळ्यांतला बास वेगळ्या कुळातला आहे. तो गोड्या पाण्यात राहतो. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा मोठा जबडा ही त्याची ओळख. स्वभावाने तो आपल्या मरळ माशाच्या जवळचा वाटतो. पाणवनस्पतींत किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला तो दबा धरून बसतो आणि जवळून काही गेले की झडप घालतो. बेडूक, लहान मासे, खेकड्यासारखे प्राणी, कधी उंदरासारखा पोहणारा जीवही तो गिळतो. त्याच्या कुशीवर पाण्यातली हालचाल टिपणारी संवेदनशील रेषा असते. त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारातही भक्ष्य कुठे हलते आहे ते त्याला कळते.

आता त्या लाकडी बेडकाची गोष्ट. जेम्स हेडन हा डोवाजॅकचा रहिवासी. त्याचा मूळ व्यवसाय मधमाश्या पाळण्याचा. मधमाश्यांसाठी त्याने नव्या रचनेची पेटी तयार केली होती आणि 1885 साली तिचे पेटंटही घेतले होते. गावात सांगतात की 1898 च्या सुमारास तो गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसला होता. हातात चाकू आणि लाकडाचा तुकडा. कोरत बसता बसता कंटाळून त्याने तो तुकडा पाण्यात फेकला, आणि एका बासने त्याच्यावर झेप घेतली. हेडन घरी गेला आणि त्याने लाकडाचा बेडूक कोरला. 1902 मध्ये त्याने मुलांच्या मदतीने कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत हे आडगाव आमिषांच्या धंद्याचे मोठे केंद्र बनले.

गावातल्या संग्रहालयात ही जुनी आमिषे काचेआड मांडलेली आहेत. लाकडाचे गुळगुळीत अंग, त्यावर रंगाचे थर, काचेचे डोळे आणि पुढेमागे पत्र्याचे छोटे पंखे. काहींच्या पंख्यांवर गावाचे नाव कोरलेले. आमच्या मुलींना ती खेळणीच वाटली. आज जुन्या वस्तूंचे शौकीन यांतल्या काहींसाठी हजारो डॉलर मोजतात. मात्र कारखाना आता या गावात नाही. 1980 च्या दशकात कंपनी विकली गेली आणि उत्पादन दूर आर्कन्सॉ राज्यातल्या फोर्ट स्मिथला गेले. नाव राहिले, रोजगार गेला. आपल्याकडच्या गिरणगावांची ज्यांना माहिती आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आम्हांला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात भिंतभर नवी आमिषे टांगलेली असतात. चकाकणारी, हुबेहूब माशासारखी, आत खुळखुळे असलेली. तरीही त्यांच्या शेजारीच पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीच्या बनावटीची आमिषे अजून विकली जातात, आणि बास त्यांना अजून फसतो. भाच्याच्या पेटीतही अशी तीन-चार होती. त्याने एकेक काढून आम्हांला त्यांची करामत समजावली.

पहिले ‘झारा स्पूक’. हे हेडन कंपनीचेच. 1920 च्या दशकात ते लाकडाचे होते, 1939 च्या सुमारास प्लॅस्टिकचे झाले. दिसायला सिगारसारखे साधे. त्याला ना पंखा ना जीभ, पाण्यात ओढले तर नुसते सरळ येते. पण काठीला मनगटाने लहान लहान झटके दिले की ते डावीकडे-उजवीकडे तोंड फिरवत नागमोडी चालते. दुसरे ‘जिटरबग’. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या फ्रेड अर्बोगास्टने 1938 मध्ये ते बाजारात आणले. याच्या तोंडाला पत्र्याची रुंद वाटी असते. ओढताना ‘बुडुक बुडुक’ असा आवाज येतो, म्हणून रात्रीच्या अंधारातही ते चालते. तिसरा मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ. निक क्रीमने तोही अ‍ॅक्रनमध्येच, 1949 मध्ये तयार केला. तो तळाशी हळूहळू सरकवायचा.

चौथे फिनलंडचे ‘रापाला’. लाउरी रापाला हा गरीब कोळी. सरोवरात मासे पकडताना त्याच्या लक्षात आले की शिकारी मासा थव्यातल्या धडधाकट माशावर जात नाही. जो जखमी आहे, लंगडत पोहतो आहे, त्यालाच उचलतो. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा लेप दिला. तो पाण्यात जखमी माशासारखाच हेलकावे खात चालला.

जुनी आमिषे का टिकली, याचे उत्तर आम्हांला इथे मिळाले. ही माणसे आधी माशाकडे बघत बसली, मग चाकू हातात घेतला. रूप हुबेहूब नसले तरी चाल अचूक पकडली. दुकानातली कितीतरी नवी आमिषे माशापेक्षा गिऱ्हाईकाला भुलवण्यासाठीच रंगवलेली असतात. आणि बासची भूक, त्याचा दबा, त्याची झडप शंभर वर्षांत बदललेली नाही. जिथे खूप लोक रोज तीच आमिषे टाकतात, तिथले मासे हुशार होतात हे खरे. पण तिथेही विस्मरणात गेलेले जुने आमिष त्यांना नवेच असते, असे मुरलेले लोक सांगतात.

जून महिन्यात तिथे मगरिब रात्री सव्वानऊच्या सुमारास होते. म्हणजे असरनंतर हातात भरपूर वेळ. दुसऱ्या दिवशी पहाटे, फजर पढून, आम्ही भाच्याबरोबर तळ्यावर गेलो. पाण्यावर तरंगणारे आमिष पहाटे आणि सांजवेळी उत्तम चालते. पाण्यावर धुके होते. झारा स्पूक कमळाच्या पानांच्या कडेने डुलत आला आणि अचानक पाणी फुटले. बादली आपटावी तसा आवाज! हाताला आलेला बास साधारण एक फूट लांबीचा होता. भाच्याने आधी आपले हात पाण्यात ओले केले, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. गरी सोडवली आणि मासा परत पाण्यात सोडला. 14 इंचांपेक्षा लहान बास घरी नेता येत नाही आणि एका माणसाला दिवसाला पाचच, असा राज्याचा नियम आहे. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना परवानाही लागतो.

यावरून घरी चर्चा रंगली. भाच्याचे अनेक मित्र मोठे मासेही सोडूनच देतात, कारण त्यांना फक्त पकडण्याची मजा हवी असते. अम्मींचा सवाल होता, “खायचे नसेल, तर त्या जीवाला गरी टोचायचीच कशाला?” भाच्याचे म्हणणे, “दादीजान, सोडले नाहीत तर तळ्यात मासेच उरणार नाहीत.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. निव्वळ करमणुकीसाठी मुक्या जीवाला त्रास देणे आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, आणि गरजेपेक्षा जास्त घेणेही. एक गोष्ट मात्र भाच्याच्या बाजूने सांगायला हवी. कृत्रिम आमिषे येण्याआधी बाससाठी गरीला जिवंत बेडूक टोचत असत. लाकडी बेडकाने निदान त्या बेडकांचा जीव वाचवला.

याच संदर्भात आम्हांला जॉर्ज पेरीची हकिगत आठवते. 2 जून 1932. अमेरिकेत मंदीचा काळ. जॉर्जिया राज्यातला हा विशीतला गरीब शेतकरी. पावसाने शेत ओले, काम होण्यासारखे नव्हते, म्हणून मित्राबरोबर मासे पकडायला गेला. दोघांत मिळून एकच काठी आणि एकच आमिष, तेही क्रीक चब कंपनीचे साधे लाकडी. त्यावर 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास लागला. जगातला सर्वांत मोठा! 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात तेवढाच दुसरा मिळेपर्यंत हा विक्रम एकट्याचा होता. पेरीने मासा तोलला, मापला आणि घरी नेला. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला.

आमच्या घरी शेवटी तडजोड झाली. भाच्याने गऱ्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले, म्हणजे सोडताना माशाला जखम कमी होते. आणि ठरले की घराला पुरतील तेवढे मोठे मासे मिळाले की काठी गुंडाळायची. तिसऱ्या दिवशी नियमात बसणारे दोन मिळाले. अम्मींनी गावाहून नेलेली आमसुले घालून कालवण केले, उरलेल्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. मांस पांढरे, वास कमी, काटे मोठे. मुलांनी ताटे चाटून पुसून साफ केली.

वाचकांपैकी कोणी शिकागो किंवा मिशिगनमध्ये नातेवाइकांकडे गेलात, तर रेल्वेने डोवाजॅकला अवश्य जा. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ चांगला. मुले बरोबर असतील तर संग्रहालय आधी दाखवा आणि तळे नंतर. काचेआड निमूट पडलेले ते लाकूड पाण्यात कसे चालते, हे त्यांना दोन्ही पाहिल्यावरच उमगेल.