बुटातला गडी

दिसायला अगदीच साधा. मुठीएवढं डोकं, त्याच्या एका अंगाला आटे पाडलेला दांडा, खाली निमुळती होत गेलेली पिन, आणि डोकं नि पिन यांच्यामध्ये काळ्या रबराचा बूट. काउंटरवर ठेवला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघणार नाही. पण पिंपळगावहून टनभर कांदा भरून वाशीला निघालेली जुनी पिकअप कसारा घाट उतरते, तेव्हा पुढचं चाक कुठे वळायचं हा शेवटचा शब्द याचा असतो. ड्रायव्हर फक्त सुचवतो. नाव टायरॉड एंड.

गोतावळा मोठा. स्टिअरिंग फिरवलं की खालचा बॉक्स पिटमन आर्मला हलवतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, तिथून हुकूम टायरॉडला आणि टायरॉडकडून चाकाला. गाडीगणिक मांडणी थोडी इकडेतिकडे, पण जिथे दांडा दांड्याला भेटतो तिथे बहुधा हाच किंवा याचा सख्खा भाऊ बसलेला. डोक्याच्या आत गोल बॉल, तो वाटीत बसवलेला. आपल्या खांद्याचा सांधा असतो, तसाच. चाक खड्ड्यात जाऊ दे, वर उडू दे, वळू दे, हा सगळीकडे फिरू देतो. ढिला मात्र तसूभरही व्हायचं नाही, ही याची नोकरी.

स्वभाव सोशिक. स्वतः कुरकुरत नाही, दुसऱ्यांकरवी कळवतो. आधी टायरकडून. पुढच्या टायरवरून हात आडवा फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला, की गाडी टायर खायला लागली म्हणून समजावं. मग स्टिअरिंगला प्ले येतो. मग साठच्या पुढे हँडल थरथरतं. मालक अलाइनमेंट करून आणतो, महिनाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. डुगडुगत्या जोडावर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, हे अलाइनमेंटवाल्यालाही ठाऊक असतं. सांगतोच असं नाही.

याला बोलतं करायची रीत सोपी आहे. गाडी जमिनीवर उभी, एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली शिरून जोडावर पंजा ठेवायचा. गेलेला असेल तर तळहाताला बारीक ‘टक्’ लागतं. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. मग जॅक लावून चाक उचलायचं. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि हललं, तर संशय टायरॉडवर. बारा आणि सहाला हललं, तर आधी बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांची चौकशी करावी. याच्यावर उगाच आळ घेऊ नये.

आता बदलायचा ठरला, की पुण्यात पावलं नाना पेठेकडे वळतात. काउंटरमागचे शेठ एका दमात विचारतात, “गाडी कोणती? मॉडेल? पॉवर का साधं? डावा का उजवा?” डाव्या-उजव्याचा प्रश्न उगाच नाही. पुष्कळ गाड्यांत एका टोकाचे आटे सरळ आणि दुसऱ्याचे उलटे असतात, म्हणजे मधला दांडा नुसता फिरवला की दोन्ही टोकं आत किंवा बाहेर सरकतात आणि टो, म्हणजे पुढच्या चाकांच्या तोंडांचा आत-बाहेरचा कल, जुळवता येतो. म्हणून जाताना आरसी बुकाची झेरॉक्स आणि जुना जोड पिशवीत टाकून न्यावा. तोंडी वर्णनावर पार्ट आणणारा माणूस संध्याकाळी परत नाना पेठेत दिसतो.

शेठ तीन खोकी पुढे ठेवतात. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचं, एक चेन्नईच्या राणेसारख्या स्टिअरिंगच्याच धंद्यातल्या नावाचं, आणि एक ज्यावर नाव आहे पण ते नाव कुणी ऐकलेलं नाही. पहिल्या दोहोंत फार खल करू नये. गाडीला लागणारे असे सुटे भाग वाहन कंपन्या बहुतेक बाहेरच्या कारखान्यांकडूनच बनवून घेतात. तिसऱ्याचा भाव ऐकून मन पाघळतं. सीट कव्हर, मडगार्ड, आरसा, यांत खुशाल पाघळू द्यावं. इथे नाही.

खोक्यापेक्षा गडी बघावा. पिन बोटांत धरून फिरवावी: नवा जोड घट्ट पण सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. पिन आपल्याच वजनाने लोंबकळली, किंवा मध्येच अडखळली, तर परत. आट्यांत रंग साचलेला असेल तर बनवणाऱ्याचा हात कळला. बूट दाबून बघावा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या मालाचं रबर कडक होतं, घडीवर बारीक भेगा दिसतात. लोखंड कितीही चांगलं असलं तरी बूट फाटला की धूळ आणि पाणी आत, ग्रीस बाहेर. हा गडी बहुधा मरतो तो असा, बुटापायी.

खरी फसगत पिनेच्या निमुळतेपणात आहे. ती ज्या भोकात बसते तेही तेवढ्याच उताराचं असावं लागतं. टेपर कुठे एकास दहा, कुठे एकास आठ. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच. चुकीचा टेपर बसतो, नटही आवळला जातो, पण पिन एका कडेवरच टेकते आणि भार आला की तिथेच डुगडुगायला लागते. पिनेवर खडूची रेघ ओढून ती भोकात दाबून फिरवावी. खडू सगळीकडून पुसला गेला तर जोडी जमली.

ग्रीस निप्पलवाला घ्यावा की सीलबंद, यावर गॅरेजात तास जातो. जुने मिस्तरी निप्पलवाल्याचे भक्त. माझं मत एवढंच, की निप्पल हे वचन आहे आणि ते मालकाने पाळायचं असतं. सर्व्हिसिंगला ग्रीस गन न चुकता फिरत असेल तर निप्पलवालाच घ्यावा, तो जास्त जगेल. गाडी फक्त बंद पडल्यावरच गॅरेज बघत असेल तर चांगल्या कंपनीचा सीलबंद बरा. कोरडं निप्पल मिरवण्यात काय अर्थ?

काढताना हा हट्टी होतो. नट सुटला तरी पिन भोक सोडत नाही. पिनेच्या टोकावर घण घालू नये, आटे बसतात. पुलर लावावा, नाहीतर भोकाच्या बाजूच्या जाड लोखंडावर हातोड्याचे नेमके ठोके द्यावेत, मग तो आपसूक सुटतो. जुना आट्यांवरून उतरवताना फेरे मोजावेत आणि नवा तेवढेच फेरे चढवावा. आट्यांचा पिच दीड मिलिमीटर असेल तर एका फेऱ्याला जोड दीड मिलिमीटर सरकतो, आणि टो-इनचं सगळं गणितच काही मिलिमीटरांचं असतं.

स्प्लिट पिन नवी. भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळावा, सैल कधीच करू नये. वाकलेला टायरॉड गॅसवर तापवून सरळ करणारे आणि वेल्डिंगचा टाका मारून ‘चालेल दादा’ म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि निघावं. फोर्जिंगला दिलेलं पाणी त्या आचेत उतरतं, आणि ते वरून दिसत नाही.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. तिथे स्टिअरिंगही तपासतात, पण त्या तारखेची वाट बघू नका. एक बाजू गेली असेल तर दुसरीही तपासून घ्या. ती तेवढेच किलोमीटर चाललेली असते. नवा जोड बसला की माल भरण्याआधी गाडी थेट अलाइनमेंटला न्या, आणि शेठकडून पक्कं बिल घ्यायला विसरू नका.