एका तारेचे चार वाटेकरी

मुलांनो, आवणीच्या दिवसांत आमच्या गुंजवण्याला आलात, तर राजगडाच्या उतारावर भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसतील. वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खालच्यात येतं, तिथून आणखी खालच्यात. वरच्याने बांध अडवून धरला की खालच्याची रोपं पिवळी पडतात. हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण घरात आलेल्या इंटरनेटचंही असंच असतं, हे तुम्हांला सांगितलं तर पटेल का?

आमच्या घरी इंटरनेटची एकच तार येते. वेग सेकंदाला ४० मेगाबिट. तिच्यावर चार यंत्रं चालतात. माझा शाळेच्या कामाचा जुना संगणक, यजमानांचा लॅपटॉप, डिप्लोमा करणाऱ्या पुतण्याचा नवाकोरा लॅपटॉप आणि बारावीतल्या पुतणीचा कुणाकडून तरी घेतलेला जुना लॅपटॉप. आता तुम्ही विचाराल, तार एक आणि यंत्रं चार, मग कुणाचं काय ते कळतं कसं? मी तुमच्या चित्राचं पान मागवलं आणि ते यजमानांच्या पडद्यावर उघडलं, असं का होत नाही?

ही सगळी राउटर नावाच्या छोट्या डबीची करामत. कंपनीकडून आपल्या घराला बाहेरचा एकच पत्ता मिळतो. घरातल्या यंत्रांना राउटर आपले खासगी क्रमांक देतो. ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. तुमच्या घरी आणि माझ्या घरी अगदी तोच क्रमांक असला तरी बिघडत नाही. प्रत्येक शाळेच्या हजेरीत एक नंबर असतोच ना, तसं. यंत्राने काही मागितलं की राउटर आपल्या वहीत नोंद करतो, ‘ही मागणी अमक्या यंत्राची’, आणि बाहेर मात्र घराचा पत्ता घालतो. उत्तर आलं की वही बघून ते ज्याचं त्याला पोचवतो.

ही युक्ती १९९४ साली एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी मांडली. कारण मोठं होतं. तेव्हाच्या पद्धतीत जगभराला मिळून पत्ते होते सुमारे ४२९ कोटी. एवढे पुरणार नाहीत, हे जाणकारांना दिसत होतं. झालंही तसंच. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातले पत्ते वाटून संपले. नवी, लांब पत्त्यांची पद्धतही आली आहे. पण घरोघरी ही वहीची युक्ती अजून उपयोगी पडते.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. इंटरनेट चालू असलं की फोन लागायचा नाही. पुढे १९९९ मध्ये ‘विंडोज ९८’ची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात एका संगणकाची जोडणी दुसऱ्यांना वाटून देण्याची सोय होती. मात्र तो पहिला संगणक बंद केला की सगळ्यांचंच बंद! आज हे काम डबी करते. तिला फक्त वीज लागते. म्हणून पावसाळ्यात आम्ही तिला छोटी बॅटरी जोडून ठेवतो.

इथवर झाली यंत्राची गोष्ट. आता माणसांची.

आमची पुतणी रोज पहाटे चारला उठायची. आम्हांला वाटे, पोर अभ्यासू आहे. ती होतीच. पण खरं कारण एके दिवशी तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काढून घेतलं. दिवसा तिची ऑनलाइन सराव परीक्षा मध्येच अडकायची, घड्याळ मात्र पळत राहायचं. पहाटे सगळे झोपलेले असतात, तेव्हा वेग मिळतो, म्हणून ही उठायची. तक्रार एका शब्दाने केली नव्हती.

अडत कुठे होतं? पुतण्या ६० गिगाबाइटचा खेळ उतरवत होता. आपण हिशेब करू. एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणजे ४,८०,००० मेगाबिट. भागिले ४०. उत्तर १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं. तेही पूर्ण तार त्याला एकट्याला दिली तर! आणि मुलांनो, राउटर आपण होऊन माणसं मोजत नाही. जे यंत्र एका वेळी जास्त जोडण्या उघडतं, त्याच्याकडे साधारण जास्त वेग जातो. ज्याची तहान मोठी, त्याच्याकडेच पाट वळतो.

पुतण्या म्हणाला, “काकी, माझा लॅपटॉप नवा आहे, तो वेगाने ओढतो. त्यात माझा काय दोष?”

सासूबाई म्हणाल्या, “अरे, वरचं खाचर तुझं आहे, पाणी तुझं नाही.”

मग मी त्याला पुरंदर तालुक्यातली गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथल्या नायगावात पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचा नियम असा, की पाणी वाटायचं ते जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही, त्याचाही पाण्यावर हक्क. आणि फार पाणी पिणाऱ्या उसाला त्या पाण्यात जागा नाही.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग हसून म्हणाला, “म्हणजे माझा खेळ हा ऊस!”

त्याच संध्याकाळी त्यानेच राउटरची सेटिंग उघडली आणि प्रत्येक यंत्राला वेगाची मर्यादा घातली. मोठं काही उतरवायचं ते रात्री अकरानंतर. शाळेचे फोटो मी वर चढवते तेव्हाही दुसऱ्याचं बोलणं तुटतं, म्हणून तेही रात्रीच. आमच्या घराच्या दगडी भिंतींतून वायफाय नीट जात नाही, म्हणून माजघरापर्यंत साधी नेटवर्कची केबल ओढली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. पुतणीचं टेबल तिच्या टोकाशी मांडलं. आता ती सहाला उठते.

२०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत तीन भावंडांत एकच फोन होता. आधी दादाचा तास, मग मधल्याचा. धाकट्या बहिणीची पाळी येईतो दिवसाचा डेटा संपलेला. ती मुलं वाईट नव्हती, त्यांचे आईबापही नव्हते. घरात कुणी वाटणीचा हिशेबच मांडला नव्हता. आणि जी मागत नाही, तिचा वाटा आधी जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा पत्ता एकच दिसतो. त्यावरून कुणी काही भलतंच केलं, तर नाव घराचं लागतं. म्हणून पासवर्ड लांब ठेवा, आणि पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं नेटवर्क करता येतं, ते करा.

तर आज जेवणं झाली की एक कागद घ्या. घरात कोण कोण, कुणाला कधी आणि कशासाठी इंटरनेट लागतं, ते लिहा. सगळ्यांत आधी विचारा ते जे कधीच काही मागत नाहीत त्यांना.