गिरणीतलं प्रदर्शन

मुलांनो, कोल्हापुरात आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक गिरणी होती, दळणाची. ती बंद पडून बरीच वर्षं झाली, पण गल्लीतली माणसं त्या जागेला अजून गिरणीच म्हणतात. आता तिथं पीठ नसतं, चित्रं असतात. जुन्या मालकांच्या मुलानं भिंतींना पांढरा रंग दिला, वर दिवे लावले, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा तिथं कुणा ना कुणा चित्रकाराचं प्रदर्शन भरतं. खोली केवढी? तुमच्या वर्गापेक्षा थोडी लांबट. दाराशी एक टेबल, त्यावर अभिप्रायाची वही आणि दोरीनं बांधलेलं पेन. तिकीट नाही.

मी रोज त्या दारावरून जायचे, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. खरं सांगू? भीती वाटायची. कुणी विचारलं, "काय बाई, कसं वाटलं चित्र?" तर काय सांगायचं? उत्तर न येणं मुलांपेक्षा बाईंना जास्त लागतं.

२०२३ सालच्या डिसेंबरात मात्र चौथीचा वर्ग घेऊन गेले. ३१ मुलं, दोघा-दोघांची रांग. दारातच सूचना दिल्या : हात लावायचा नाही, पळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. बघायचं कसं, ते तेवढं सांगायचं राहिलं.

प्रदर्शन आमच्याच गावच्या एका तरुण चित्रकाराचं होतं. विषय दुकानांच्या पाट्या. मोठमोठ्या कॅनव्हासवर अर्धवट पुसलेली अक्षरं, एकावर एक चढलेले रंग, कुठं नुसताच एक काना. सगळी चित्रं साधारण मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली, म्हणून माझी मुलं माना वर करून बघत होती. प्रत्येक चित्राशेजारी छोटी चिठ्ठी : नाव, माध्यम, आकार, साल. एका चिठ्ठीवर 'शीर्षक नाही' असं होतं. लगेच मागून आवाज, "नाव नाही? मग ह्याची हजेरी कशी घेणार?"

हसून झालं. मग एकानं विचारलं, "बाई, हे चित्र पुरं झालंय का?"

मी म्हटलं, "हे मॉडर्न आर्ट आहे. मोठेपणी कळेल."

हे वाक्य मला आजही टोचतं. मला स्वतःला कळत नव्हतं, आणि मी तर चांगली मोठी आहे!

चित्रकार कोपऱ्यात उभा होता. त्यानं ऐकलं असावं. तो पुढं आला, मुलांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुम्हांला काय दिसतंय ते सांगा. चुकलं तरी चालेल." मग काय, कुणाला ढग दिसला, कुणाला ओल आलेली भिंत, कुणाला दळणाचा डबा. आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी (नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही) हळूच म्हणाली, "त्या श्रीची गाठ चुकलीय. पप्पा आधी गाठ काढतात, दांडी शेवटी."

चित्रकारानं श्री निरखून पाहिली. म्हणाला, "खरंच की. पप्पा काय करतात गं?"

"आधी पाट्या रंगवायचे. आता घरं रंगवतात."

माझ्या रजिस्टरात तिच्या वडिलांच्या नावापुढं 'मजुरी' लिहिलेलं आहे. अक्षर माझंच.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हातानं पाटी रंगवताना पाहिलीच नसेल, म्हणून सांगते. आधी पत्र्याला अस्तराचा रंग द्यायचा, तो वाळू द्यायचा. मग खडू लावलेली दोरी ताणून फट्कन सोडायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघांमध्ये अक्षरं बेतायची आणि चपट्या ब्रशानं, हाताखाली काठीचा टेकू घेऊन, एका दमात भरायची. हात थरथरला की मेहनत वाया. २००० नंतर फ्लेक्स छापणारी यंत्रं गावोगाव आली. जी पाटी करायला दोन दिवस लागायचे, ती तासाभरात मिळू लागली. स्वस्तही. पेंटर लोकांचं काम गेलं.

आमच्या गावात पेंटर हा काही साधासुधा शब्द नाही बरं का! बाबूराव पेंटर इथलेच. आडनाव मेस्त्री, पण नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले, आणि पुढं स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. शिवाजी महाराजांचं जे चित्र कचेऱ्यांमध्ये दिसतं, ते काढणारे जी. कांबळेही कोल्हापूरचे, सिनेमाची पोस्टरं रंगवणारे. आणि प्रभाकर बरवे या मोठ्या चित्रकारानं कितीतरी कॅनव्हास एनॅमलनं रंगवले. एनॅमल म्हणजे आपण दारं-खिडक्यांना देतो तो डब्यातला चकचकीत रंग.

तर ती मुलगी शाळा सुटल्यावर रोज गिरणीत जाऊ लागली. घराच्या वाटेवरच होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, काही चिठ्ठ्यांना लाल टिकली का लावतात?" मी ठोकून न देता तिच्याबरोबर विचारायला गेले. टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. चित्रकार म्हणाला, "पप्पांना आण की एकदा." पण पप्पा काही येईनात. कधी काम, कधी कंटाळा.

आले ते शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी. हातावर चुन्याचे डाग, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारात चपला काढायला लागले.

"राहू द्या हो," मी म्हटलं.

"आत चपला चालतात व्हय?" असं म्हणत त्यांनी काढल्याच.

भराभर बघत निघाले होते, ते एका ठिकाणी थबकले. तो कॅनव्हास नव्हता, खराखुरा पत्रा होता, 'केश कर्तनालय' लिहिलेला. चित्रकारानं तो भंगारातून आणला होता. अर्धा भाग जसाच्या तसा गंजलेला ठेवून उरलेल्यावर पांढरट रंगाचा पातळ हात दिला होता, की खालची अक्षरं धुक्यातून दिसावीत. चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव, किंमत १५,००० रुपये, आणि लाल टिकली.

"हा हात आमच्या वस्तादांचा हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" चित्रकारानं विचारलं.

"क बघा की. पोट फुगीर, अन् शेपटी खाली न वळवता बाजूला सोडलीय. गावात दुसरं कोण असं लिहीत नव्हतं. त्यांच्याकडंच शिकलो मी. वारले आता."

कुणीच काही बोललं नाही. मग त्या पोरीनं विचारलं, "मग चिठ्ठीवर त्यांचं नाव का नाही?" आणि लगोलग, "त्यांना किती मिळणार?"

"गप गं!" पप्पा ओशाळले. चित्रकाराचा चेहरा उतरला. पण लपवालपवी केली नाही त्यानं. म्हणाला, "भंगारवाल्याला मी ३०० रुपये दिले होते. अक्षरं कुणाची, हे विचारायचं मला सुचलंच नाही."

नंतर मी थोडं वाचलं. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकारानं १९१३ साली सायकलचं चाक एका स्टुलावर उलटं बसवलं, आणि तयार वस्तूही कलाकृती होऊ शकते की काय, असा वाद जगात सुरू झाला. चित्रकारानं वस्तू निवडली, तिच्याकडं बघायला लावलं, हेच त्याचं काम, असं म्हणतात. पटतं मला. पत्रा भंगारात असता तर आम्ही कुणी त्याच्याकडं पाहिलं नसतं. पण सायकलचं चाक कारखान्यातलं; त्या 'क'मागं एका माणसाचा हात होता. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्हांला सापडलं तर मला लिहा.

पहिल्या प्रश्नाचं काम तिथंच झालं. चित्रकारानं पेन काढलं आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं, 'मूळ अक्षरे :' आणि वस्तादांचं नाव. त्यात त्यानं ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली, ती पप्पांनी दुरुस्त करून घेतली. विकत घेणाऱ्यांनाही तसं कळवतो, म्हणाला.

आठ वाजता चित्रं उतरवायला लागले. भिंतीला खिळ्यांची भोकं पडली होती. तिथं काम करणारा पोरगा बोटानं लांबी भरत होता, वर टेंगळं राहत होती. पप्पा जरा वेळ बघत राहिले, मग त्यांना राहवेना.

"असं नव्हं रं. दे हिकडं ती पत्ती."

आणि आम्ही तिघं-चौघं उभे राहून बघत होतो. एका फटकाऱ्यात भोक बंद, भिंत सपाट. लेक पुढं-पुढं जाऊन बोट दाखवत होती, "पप्पा, इथं एक राहिलं. हे पण."