जिस्पाच्या वाटेवर हीटर गारठला!

चंद्रभागा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूरचं वाळवंट उभं राहतं. पण आणखी एक चंद्रभागा हिमाचल प्रदेशात आहे, बरं का! तिथल्या लाहौल खोऱ्यात चंद्रा आणि भागा या नद्या तांदी गावापाशी भेटतात. हीच नदी पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. मनालीहून लेहला जाणारा रस्ता यातल्या भागेच्या काठाकाठाने पार तिच्या उगमापर्यंत चढतो. पूर्वी लाहौलला जायला रोहतांगचा घाट ओलांडावा लागे. २०२० साली ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता डोंगराच्या पोटातूनच पलीकडे जाता येतं.

आम्ही गेलो ते सप्टेंबरच्या अखेरीस. गाडीत ताई, भावजी, आठवीतला भाचा, पाच वर्षांची छकुली आणि मी. ड्रायव्हरकाका लाहौलचेच. केलाँग मागे पडलं. सपाट धाब्यांच्या घरांवर जनावरांसाठी गवत वाळत घातलेलं, खाली बटाट्याची शेतं, डोंगरमाथ्यांवर ताजं बर्फ. बघत राहावं असं! पण मधेच छकुली म्हणाली, "मावशी, पंखा बंद कर ना!" पंखा कुठला, तो हीटर होता, आणि त्यातून चक्क गार वारा येत होता. काचेवर आतून धुकं धरायला लागलं. काकांनी समोरच्या काट्याकडे पाहिलं. तो नेहमीपेक्षा वर सरकला होता. नदीकाठच्या रुंद जागेत त्यांनी गाडी थांबवली.

"इंजिन तापलंय, मग हीटर गार कसा?" भाच्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती एक द्रव खेळवतात, त्याला कूलंट म्हणतात. इंजिनाची उष्णता घेऊन हाच तापलेला कूलंट एका रबरी नळीतून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत येतो आणि दुसऱ्या नळीने परत जातो. पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो, ती आपल्याला ऊबदार लागते. कूलंट कमी झाला की नळीत हवा अडकते, जाळीपर्यंत काही पोचत नाही. इंजिन मात्र तापतच जातं. पुढे बारालाचा खिंड होती, जवळजवळ ४,९०० मीटर उंच, आणि दारचानंतर धड वस्तीसुद्धा नाही. तिथे इंजिनाने दगा दिला असता तर छकुलीला घेऊन त्या थंडीत काय केलं असतं? ताईचा चेहरा उतरला. भावजी म्हणाले, "परत फिरू या." काका म्हणाले, "पहले देख तो लें, साहब."

कूलंटची प्लॅस्टिकची टाकी रिकामी होती. भाचा झाकण उघडायला पुढे झाला, तर काका ओरडलेच! गरम इंजिनाचं ते झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळता द्रव अंगावर उडतो. तासभर थांबायचं ठरलं. मधेच इंजिन बंद असताना काकांनी त्या दोन नळ्या हळूच चाचपल्या. एक गरम, दुसरी गार! म्हणजे एकतर जाळी तुंबलीय, नाहीतर आत हवा आहे. दोन्ही गरम असत्या, तर दोष हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेत शोधायचा. आणि इंजिनाचा काटा वर चढायचं नावच घेत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असं समजायचं.

मग एका नळीच्या पट्टीपाशी हिरवट डाग दिसला. पट्टी सैल होऊन थेंब थेंब गळती चालली होती. स्क्रू-ड्रायव्हरने ती आवळली.

"नदीचं पाणी भरलं तर?" भाच्याने विचारलं. काकांनी मान हलवली. साधं पाणी रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनच फोडतं. निम्मं पाणी आणि निम्मं अँटिफ्रीझ असेल, तर शून्याखाली ३५ अंशांपर्यंत धास्ती नाही. शिवाय समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारं पाणी जिस्पाच्या उंचीवर ९० च्या आसपासच उकळतं! म्हणून तर झाकणाने आत दाब धरून ठेवायचा.

काकांच्या डिकीत तयार कूलंटचा डबा होता. गाडीचं तोंड चढाकडे करून, चाकांना दगड लावून त्यांनी तो ओतला. तोंड वर असलं की झाकणाची जागा सर्वांत उंच येते आणि हवा तिकडेच धावते. झाकण उघडंच ठेवून, हीटर लाल खुणेवर नेऊन त्यांनी इंजिन सुरू केलं. बुडुक, बुडुक! बुडबुडे यायला लागले. पातळी खाली गेली, पुन्हा ओतलं. पुन्हा बुडबुडे. मग ते थांबले, झाकण घट्ट बसलं. इंजिन बंद करून काकांनी परत नळ्या चाचपल्या. "अब दोनों गरम!"

गाडी पुन्हा सुरू झाली. काचेवरचं धुकं कडेकडेने विरत गेलं, काटा मधोमध येऊन थांबला. ती रात्र जिस्पालाच काढली. पहाटे काकांनी थंड इंजिनातली पातळी बघितली, बोटभरही उतरली नव्हती. बारालाचाच्या अलीकडे सूरजतालच्या कडेला बर्फाची किनार धरलेली होती. भागा इथूनच निघते. छकुली मात्र पाय हीटरपाशी पसरून गाढ झोपली होती.