विद्यार्थ्यांची विज्ञानसभा आणि आमचे घर

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच वाटांची चर्चा होते. गणित बरे असेल तर इंजिनियरिंग, जीवशास्त्र बरे असेल तर डॉक्टरकी. दोन्ही जमले नाही तर डी.एड., फार्मसी, नाहीतर मुलासाठी गल्फचा रस्ता आणि मुलीसाठी स्थळ. आम्ही दोघेही शिक्षक. घरात एक उर्दू-मराठी शिकवणारे, दुसरे गणिताचे. पालकसभेत वर्षानुवर्षे हेच ऐकत आलो की, पोरांना दोहोंपैकी एक काय ते निवडायला सांगा. पण गणित आणि जीवशास्त्र या दोन्हींची एकदमच गरज असलेली एक तिसरी वाटही आहे. आमची भाची त्या वाटेने गेली आणि तिच्यामुळे ती वाट आम्हालाही थोडीफार दिसली. म्हणून हा लेख.

या विषयाला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात. बायोइन्फर्मेटिक्स हे त्याचेच जवळचे नाव. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो आणि त्यातला मजकूर ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो. माणसाच्या मजकुरात अशी सुमारे 300 कोटी अक्षरे आहेत. कोरोनाच्या विषाणूत ती जेमतेम 30 हजार. जानेवारी 2020 मध्ये ती जगासमोर ठेवली गेली आणि त्यावरून लशीचे काम सुरू झाले. एवढा मजकूर डोळ्यांनी वाचणे शक्य नाही. तो संगणकाकडून वाचून घ्यायचा, दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहायचा आणि फरकाचा अर्थ लावायचा, हे या शास्त्राचे काम.

भाषा शिकवणाऱ्याला हे काम परके वाटत नाही. छापखाने नव्हते तेव्हा कातिब ग्रंथाच्या नकला करीत. नकल करताना एखादे अक्षर चुके आणि त्या प्रतीवरून पुढे केलेल्या सगळ्या प्रतींत तीच चूक उतरे. कोणत्या दोन प्रतींत सारखी चूक आहे हे पाहून कोणती प्रत कोणत्या घराण्यातली, हे अभ्यासकांना ठरवता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच शेकडो पोथ्या ताडून काढली. डीएनएचीही पिढ्यान्‌पिढ्या नकल होते, त्यातही अक्षरे चुकतात आणि त्या चुकांवरून सजीवांची घराणी लावता येतात. भाचीने पहिल्यांदा आपला विषय समजावला तेव्हा आम्ही तिला हेच म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "खाला, आमच्या वर्गात हे शिकवायला तुम्हालाच न्यायला हवं."

हा विषय आपल्या देशाला नवा नाही. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते, याचा आराखडा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मद्रासला मांडला. तो रामचंद्रन आलेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या बाईंनी 1965 मध्ये तोवर माहीत असलेल्या प्रथिनांचे मजकूर गोळा करून पुस्तकरूपाने छापले. तेव्हा त्यात फक्त 65 प्रथिने होती. आज असे मजकूर कोट्यवधींच्या संख्येने इंटरनेटवर आहेत आणि ते कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. भाचीच्या कामाला याचाच आधार मिळाला.

भाची मंडणगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. वडील कुवेतला. बी.एस्सी. करून तिने पुण्याला बायोइन्फर्मेटिक्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. प्रकल्पासाठी तिने निवडला लेप्टोस्पायरोसिस. कोकणातल्या वाचकांना हा ताप सांगायला नको. लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरलेल्या माणसाला पायाच्या जखमेतून तो गाठतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून तो जिवाणू पाण्यात आलेला असतो. तिच्या गावातला एक शेजारी याच तापाने गेला होता.

लेप्टोस्पायराच्या काही जाती माणसाला आजारी पाडतात. पण बायफ्लेक्सा नावाची एक जात पाण्यात राहते आणि कोणाचे काही बिघडवत नाही. आजार देणाऱ्या इंटेरोगन्स जातीचा संपूर्ण मजकूर चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या दुसऱ्या प्रकाराचा केला. बायफ्लेक्साचा 2008 मध्ये आला. भाचीने हे मजकूर उतरवून घेतले आणि चाळण लावली. आजार देणाऱ्या सगळ्या जातींत आहेत आणि बायफ्लेक्सात नाहीत, अशी प्रथिने कोणती? त्यांतली जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर कोणती? आवरणावरचे प्रथिन शरीराच्या नजरेला आधी पडते, म्हणून तपासणीसाठी किंवा लशीसाठी त्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. चाळणीतून निघालेल्या यादीत लिप-एल-32 हे आधीपासून माहीत असलेले प्रथिन आले, तेव्हा आपली चाळण निदान उलटी लागलेली नाही, एवढी तिची खात्री झाली.

या कामाचा सारांश तिने विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिसंवादाला पाठवला. या शास्त्राची एक जागतिक संस्था आहे, इंटरनॅशनल सोसायटी फॉर कॉम्प्युटेशनल बायोलॉजी. तिच्या मोठ्या परिषदांत नामवंत प्राध्यापक बोलतात. नवखा विद्यार्थी मागच्या रांगेत बसून ऐकतो. ही अडचण ओळखून 2004 मध्ये मॅन्युएल कॉर्पास या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने संस्थेत विद्यार्थी परिषद सुरू झाली आणि 2005 मध्ये माद्रिदला तिचा पहिला परिसंवाद भरला. मग ब्राझीलचे फोर्तालेझा, व्हिएन्ना, टोरोंटो, स्टॉकहोम, असा तो शहराशहरांत दरवर्षी भरत गेला. व्यवस्था विद्यार्थी करतात, आलेले सारांश तपासून निवडतात आणि सत्रेही तेच चालवतात. एखाददुसरे मोठे शास्त्रज्ञ पाहुणे म्हणून येतात. बाकी सगळी विद्यार्थ्यांची छोटी भाषणे आणि पोस्टर. पोस्टर म्हणजे आपले काम एका मोठ्या कागदावर मांडायचे आणि त्याच्याशेजारी उभे राहायचे. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, विचारतो.

2020 ची मोठी परिषद कॅनडात मॉन्ट्रियलला भरायची होती. महामारीमुळे ती आणि विद्यार्थ्यांचा परिसंवादही ऑनलाइन झाला. हे आमच्या भाचीच्या पथ्यावर पडले. एरवी तिकीट, व्हिसा, राहणे यांचा खर्च कोण करणार होते? वडिलांचा पगार मार्चपासून अडकलेला. पण 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे काय झाले ते वाचकांनी पाहिले आहे. सुपारीच्या बागा झोपल्या, छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. गावात कित्येक आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. निवड झाल्याची ई-मेल येऊन पडली होती. ती तिने आठवड्याने, रेंजसाठी टेकडीवर गेली तेव्हा वाचली. भावाने तिला मोटारसायकलवरून आमच्याकडे चिपळूणला आणून सोडले. सामान म्हणजे एक पिशवी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप.

मग आमच्या घरात तयारी सुरू झाली. ती बोलून दाखवी, आम्ही ऐकू. नानी जपमाळ हातात घेऊन पलंगावर बसलेल्या असत. एकदा त्यांनीच विचारले, "उंदराच्या मुताने ताप येतो हे आम्हाला ठाऊक आहे. तुझ्या कॉम्प्युटरला त्यात नवं काय कळलं?" भाची गप्प झाली. मग म्हणाली, "नानी, ताप कसा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तापाचा जंतू आणि साधा जंतू ओळखायचे कसे, ते मी शोधते आहे." त्या रात्री तिने पोस्टरची पहिली ओळ बदलून हेच वाक्य इंग्रजीत लिहिले.

कॅनडातली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. मगरिब झाली, बाहेर आषाढाचा पाऊस, वीज जाईल या भीतीने इन्व्हर्टर चार्ज करून ठेवलेला. तिच्या पोस्टरवर तीन-चार जणांनी प्रश्न विचारले. त्यांतला एक आम्हाला तिने नंतर समजावून सांगितला, तो असा. बायफ्लेक्सा ही आजार देणाऱ्या जातींची दूरची नातेवाईक आहे. दूरच्या नात्यात शंभर गोष्टी वेगळ्या असतात. मग एखादे प्रथिन तिच्यात नाही, ते ती निरुपद्रवी आहे म्हणून की फक्त नाते दूरचे आहे म्हणून? हे कसे ठरवणार?

भाचीने उत्तर दिले, "हे मी तपासलेले नाही. दोन्हींच्या मधल्या गटातल्या जातींचे मजकूर घेऊन पुन्हा चाळण लावायला हवी." विचारणारी मुलगीही विद्यार्थिनीच होती. तिने सुचवले की आधी वंशवृक्ष मांड आणि मग प्रत्येक प्रथिन त्यावर कुठे आले, कुठे गेले ते पाहा. दोघी पंधरा मिनिटे बोलत होत्या. कोणी कोणाला हरवले नाही, कोणाचा अपमान झाला नाही.

आम्हाला या परिसंवादात सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. आपल्या शाळांत "माहीत नाही" म्हणणारे मूल खाली मान घालून उभे राहते. घरात मोठ्यांना प्रश्न विचारला तर त्याला उलट बोलणे म्हणतात. आणि वक्तृत्व स्पर्धेत जो अडखळला तो हरला. इथे मात्र आपण काय तपासले आणि काय तपासलेले नाही, हे नेमके सांगता येणे हीच तयारी मानली जाते. प्रश्न विचारणाऱ्याने तुमच्या कामात रस घेतला म्हणून त्याचे आभार मानले जातात. पाठांतराने हे येत नाही. आपल्या कामाशेजारी उभे राहून, अनोळखी माणसाला उत्तर देऊनच ते येते.

रात्री कुवेतहून वडिलांचा फोन आला. "बक्षीस मिळालं का?" "नाही, अब्बा." "मग काय मिळालं?" भाची त्यांना वंशवृक्षापासून सगळे सांगत बसली. अर्धा तास झाला तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

त्याच महिन्यात तिच्यासाठी एक पैगाम आला होता. घर चांगले, मुलगाही चांगला, पण एम.एस्सी. झाली की शिक्षण पुरे, ही त्यांची अट. घरात पैशाची ओढाताण, वडिलांच्या नोकरीचा भरवसा नाही, धाकटा भाऊ शिकतो आहे. अशा वेळी नकार देणे सोपे नसते आणि नकाराचा सल्ला देणाऱ्याची जबाबदारीही मोठी असते. आम्ही बहिणीसमोर हिशेब मांडला. नेटच्या परीक्षेत जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना शिष्यवृत्ती मिळते. तेव्हा ती दरमहा 31 हजार होती, 2023 पासून 37 हजार आहे. म्हणजे मुलगी पुढे शिकली तर घरावर भार पडेलच असे नाही. वडिलांनी निरोप दिला, "पोरगी शिकते आहे. त्यांना थांबायचं असेल तर थांबू देत." ते थांबले नाहीत. भाचीला जेआरएफ दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. मधले वर्ष कठीण गेले. नात्यातल्या बायकांची बोलणी बहिणीने ऐकून घेतली. आज भाची पीएच.डी. करते आहे आणि लग्नाचेही बोलणे पुन्हा चालू आहे, या वेळी तिच्या अटी विचारात घेऊन.

जुलै 2021 मध्ये चिपळूणला महापूर आला. आमच्या घरात छातीभर पाणी होते. चिखल काढत असताना आरोग्य खात्याची माणसे लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेऊन दारात आली. भाचीच्या यादीतून अजून ना लस निघाली आहे ना तपासणीची पट्टी. विज्ञानात एवढ्या लवकर काही हाती लागत नाही. पण त्या गोळ्या हातात घेताना, या आजाराच्या मागे लागलेल्यांत आपल्या घरचेही एक माणूस आहे, हे आठवून धीर वाटला.

शाळेत आम्ही आता दरवर्षी जानेवारीत पोस्टरचा दिवस ठेवतो. आठवी-नववीची मुले स्वतः काहीतरी मोजतात: विहिरीच्या पाण्याची पातळी, आजी-आजोबांच्या बोलीतले शब्द, एका झाडावरच्या पानांचे आकार. चार्ट भिंतीला लावायचा आणि शेजारी उभे राहायचे. अट एकच, "हे आम्ही तपासलेले नाही" असे एक वाक्य प्रत्येक चार्टवर हवे. पालक येतात, वाचतात, विचारतात. पहिल्या वर्षी मुली भिंतीकडे तोंड करून उत्तरे देत होत्या. आता त्या विचारणाऱ्याकडे पाहून बोलतात.

आपल्या घरात गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आवडणारे मूल असेल तर त्याला एकच निवड म्हणण्याची घाई करू नका. या विषयाला सुरुवातीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख एवढ्यावर काम सुरू होते. माहिती फुकट आहे. आणि मूल आपले काम दाखवायला आले की बक्षीस विचारण्याआधी आमच्या नानींनी विचारले तेच विचारा: यात नवे काय कळले?